दिल्लीचा निकाल आणि बीडचे दफ्तर

करोनाच्या दुसऱ्या लाटेने बाजारपेठा, शाळा, कचेऱ्या आणि देवळे यांची दारे एकाच वेळी लावून घेतली होती; कारखान्यांचे पट्टे पडून ऊसतोड्यांच्या टोळ्या नुकत्याच गावी परतल्या होत्या; आणि पुढच्या हंगामाची उचल कोणत्या मुकादमाकडून घ्यावी याचा हिशेब घरोघर चालला होता. अशा दिवसांत, म्हणजे बुधवार ५ मे २०२१ रोजी सकाळी, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मराठा समाजाला शिक्षणात आणि सरकारी नोकऱ्यांत दिलेले स्वतंत्र आरक्षण घटनाबाह्य ठरविले, आणि ती बातमी बीड जिल्ह्यातील वाड्यावस्त्यांवर भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून काही मिनिटांत पोहोचली. शेकडो पृष्ठांचे ते निकालपत्र जिल्ह्यात किती जणांनी समग्र वाचले असेल, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. लोकांनी त्यातला एक आकडा उचलला, पन्नास, आणि पुढची चार-पाच वर्षे या जिल्ह्याचे सार्वजनिक जीवन त्या आकड्याभोवती फिरत राहिले.

हा आकडा मात्र दिल्लीत एका सकाळी जन्मला नव्हता. त्याची कुळकथा सांगायची तर १९६२ पर्यंत मागे जावे लागते, आणि त्या कथेच्या आरंभी एक मराठी माणूस उभा आहे. त्या वर्षी तेव्हाच्या म्हैसूर राज्याने तांत्रिक व वैद्यकीय महाविद्यालयांतील ६८ टक्के जागा मागास वर्गांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी राखून ठेवल्या. एम. आर. बालाजी यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या खटल्यात मूळचे साताऱ्याचे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी पीठाच्या वतीने निकाल लिहिला आणि असे राखीव प्रमाण सर्वसाधारणपणे निम्म्याहून कमी असावे, असे सांगून म्हैसूरचा हुकूम रद्द केला. पुढे १६ नोव्हेंबर १९९२ रोजी मंडल प्रकरणात, म्हणजे इंद्रा सहानी खटल्यात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने त्या निम्म्याचा नियम केला. आणि दूरवरच्या, राष्ट्रजीवनाच्या मुख्य प्रवाहापासून अलग पडलेल्या प्रदेशांतील लोकांसारखी एखादी असाधारण परिस्थिती असेल तरच तो शिथिल करता येईल, अशी एक अरुंद फट ठेवली. त्या पीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत हेही होते. म्हणजे महाराष्ट्रातील ज्या समाजाला पुढे या रेषेने अडविले, ती रेषा आखताना महाराष्ट्राचे हात दोनदा लागलेले होते. इतिहासाला असले योगायोग आवडतात असे म्हणण्याचा मोह होतो. आम्ही तो आवरतो, कारण याहून मोठा योगायोग पुढेच आहे.

महाराष्ट्रात अनुसूचित जातींना १३, अनुसूचित जमातींना ७, विमुक्त जाती व भटक्या जमातींना ११, विशेष मागास प्रवर्गाला २ आणि इतर मागासवर्गाला १९ अशी एकूण ५२ टक्के आरक्षणे आधीपासून होती. २०१८ च्या नोव्हेंबरात न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड आयोगाच्या अहवालाचा आधार घेऊन विधिमंडळाने त्यांत मराठा समाजासाठी १६ टक्क्यांची भर घातली. बेरीज केली तर ६८. छप्पन्न वर्षांपूर्वी म्हैसूरने जिथे पाऊल ठेवले होते, नेमके तिथेच मुंबईने पाऊल ठेवले, आणि ते एकदा कुठे घसरले होते हे मंत्रालयातील विधिज्ञांना ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २७ जून २०१९ रोजी कायदा उचलून धरला, प्रमाण मात्र शिक्षणात १२ आणि नोकरीत १३ टक्क्यांवर आणले. सर्वोच्च न्यायालयाने ९ सप्टेंबर २०२० रोजी त्याला स्थगिती दिली. आणि मार्च २०२१ मधील सुनावणीनंतर मे महिन्यात तो कायदाच निकालात निघाला.

हे सर्व न्यायालयाच्या बाजूने झाले. बीडच्या बाजूने या कथेचा आरंभ दुष्काळात आहे. बालाघाटाच्या डोंगररांगेने दोन भागांत विभागलेल्या या जिल्ह्यात पाऊस हा सावकारासारखा, आला तर उपकार करणारा आणि न आला तर घरातली भांडी मोजायला लावणारा. आणि दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या, ट्रक आणि ट्रॅक्टर भरून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे ऊस तोडायला निघणारे लोक ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ ही तिथली मोजणी. त्या फडात वंजारी आहे, मराठा आहे, दलित आहे, धनगर आहे. मोळी बांधताना कोणी कोणाला टक्केवारी विचारीत नाही. परंतु टोळीतल्या एका घरातील मुलगा शिकून स्पर्धापरीक्षेला बसतो आणि शेजारच्या घरातील मुलापेक्षा चार गुण अधिक मिळवूनही मागे राहतो, तेव्हा एकरभर कोरडवाहू जमीन वाट्याला आलेल्या बापाला, आपण पाटलाच्या कुळातले आहोत हे वाक्य अभिमानाचे वाटण्याऐवजी थट्टेचे वाटू लागते. गायकवाड आयोगासमोर हाच अनुभव आकड्यांच्या रूपाने मांडला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्या आकड्यांकडे दुसऱ्या बाजूने पाहिले, खुल्या प्रवर्गातील पदांपैकी किती पदे या समाजाकडे आहेत हे मोजले, आणि प्रतिनिधित्व पुरेसे असल्याचा निष्कर्ष काढून असाधारण परिस्थिती दिसत नाही असे म्हटले. तर्काच्या दृष्टीने त्या निष्कर्षाला उत्तर देणे सोपे नाही. मात्र शासकीय पदांचा हिशेब आणि शिवाराचा हिशेब ही दोन निराळ्या खातेवह्यांची पाने आहेत, आणि बीडने नेहमी दुसरे पान वाचले, एवढे नमूद केल्यावाचून पुढे जाता येत नाही.

३० ऑगस्ट २०१६ रोजी बीड शहरात निघालेल्या मूक मोर्चाने या जिल्ह्याची मागणी पहिल्यांदा आपल्या पूर्ण आकारात रस्त्यावर आणली. घोषणा नाहीत, भाषणे नाहीत, पुढे मुली आणि मागे शिस्तीत चालणारा अफाट समुदाय. त्याची शिस्तच सरकारला धडकी भरविणारी होती. दोन वर्षांनी, १८ जुलै २०१८ रोजी, परळी वैजनाथच्या तहसील कचेरीसमोर ठिय्या सुरू झाला आणि मौनाची जागा ठोक मोर्चाने घेतली. त्याच वर्षअखेरीस कायदा झाला. म्हणून २०२१ चा निकाल आला तेव्हा, रस्त्यावर उतरले की मिळते आणि न्यायालयात गेले की जाते, असा एक समज जिल्ह्यात आधीच तयार झालेला होता. तो समज चुकीचा होता. परंतु चुकीचे समजही इतिहास घडवितात.

निकालानंतर बरोबर एका महिन्याने, ५ जून २०२१ रोजी, निर्बंध लागू असतानाही बीडमध्ये विनायक मेटे यांच्या पुढाकाराने मोर्चा निघाला. केज तालुक्यातील राजेगावचे मेटे हे या मागणीचे सर्वांत जुने आणि सर्वांत चिवट पुरस्कर्ते. वर्षभराने, १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे, आरक्षणाच्याच बैठकीसाठी मुंबईकडे जाताना पुणे-मुंबई द्रुतगती महामार्गावर त्यांचा अपघाती मृत्यू झाला.

आता या कथेतील अशा एका गोष्टीकडे वळले पाहिजे की जिच्याकडे मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांचे लक्ष फारसे गेले नाही. मे महिन्यातील निकालाच्या दोनच महिने आधी, ४ मार्च २०२१ रोजी, त्याच सर्वोच्च न्यायालयाने विकास किसनराव गवळी यांच्या खटल्यात जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांमधील इतर मागासवर्गाच्या २७ टक्के राखीव जागांना हात घातला. मागासलेपणाची चौकशी करणारा समर्पित आयोग, त्याच्या अहवालावरून स्थानिक संस्थेनिहाय प्रमाण, आणि सर्व आरक्षणांची बेरीज पन्नासच्या आत, या तीन कसोट्यांवाचून सरसकट २७ टक्के देता येणार नाहीत, असा तो निर्णय. याचा अर्थ असा की, ज्या पन्नासच्या रेषेने मे महिन्यात मराठ्यांना अडविले, तीच रेषा मार्चमध्ये ओबीसींच्या अंगणातून गेली होती. १५ डिसेंबर २०२१ च्या आदेशानंतर राज्यातील नगरपंचायतींच्या ओबीसी जागा सर्वसाधारण म्हणून लढविल्या गेल्या, आणि आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज व वडवणी या बीडच्या पाच नगरपंचायतींच्या मतदारांनी त्या जागांसाठी १८ जानेवारी २०२२ रोजी निराळे मतदान केले. पुढे अशा समर्पित आयोगाचा, म्हणजे बांठिया आयोगाचा, अहवाल सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२२ रोजी स्वीकारला, तरी निवडणुका लांबतच गेल्या. मार्च २०२२ मध्ये मुदत संपलेल्या बीड जिल्हा परिषदेचा कारभार लोकनियुक्त सदस्यांकडून प्रशासकाकडे गेला आणि वर्षानुवर्षे तिथेच राहिला.

एका न्यायालयाने एकाच तत्त्वाने एकाच जिल्ह्यातील दोन्ही बाजूंना दोन महिन्यांच्या अंतराने दुखविले असता, त्या दोन्ही बाजूंनी एकत्र बसून त्या तत्त्वाचा विचार करावा, ही अपेक्षा भाबडी ठरली. दोघांनीही एकमेकांकडे पाहिले. जिल्ह्याचे नेते गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ रोजी गेले नसते तर काय झाले असते, हा बीडमध्ये आजही पारावर रंगणारा प्रश्न आहे; इतिहासलेखकाने त्यात पडू नये.

२९ ऑगस्ट २०२३ रोजी गेवराईपलीकडे, गोदावरी ओलांडताच जालना जिल्ह्यात लागणाऱ्या अंतरवाली सराटी या गावी मनोज जरांगे पाटील उपोषणाला बसले. ते मूळचे बीड जिल्ह्यातील मातोरीचे. १ सप्टेंबरला तिथे पोलिसांचा लाठीमार झाला आणि एका खेड्यातले उपोषण रातोरात राज्याचे झाले. त्यांच्या मागणीत एक नवे, आणि कायद्याच्या दृष्टीने विलक्षण चतुर, वळण होते. स्वतंत्र प्रवर्ग मागायचा तर पन्नासची रेषा आडवी येते. तेव्हा स्वतंत्र मागूच नये, मराठवाड्यातला मराठा हा निजामाच्या कागदोपत्री कुणबीच होता असे दाखवावे, आणि १९६७ पासून इतर मागासवर्गाच्या यादीत असलेल्या कुणब्यांत आपले नाव शोधावे. दिल्लीने पुढचा दरवाजा लावला होता. बीडने घराच्या मागच्या बाजूला जाऊन जुन्या फडताळाची किल्ली शोधायला सुरुवात केली.

इथे थोडे मागे जाऊन त्या फडताळाची ओळख करून दिली पाहिजे. बीड हे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होते. जिल्ह्याचा मुख्य अधिकारी अव्वल तालुकदार. कारभाराची भाषा उर्दू. गावपातळीवरील पाटील-कुळकर्ण्यांचे लेखन मोडीत. कज्जेदलालीत वरचा निवाडा हवा असेल तर माणूस मुसी नदीकाठच्या हैदराबादच्या हायकोर्टाची वाट धरी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेव्हा माणसे आली, जमिनी आल्या, परंतु दफ्तर पुरते आले नाही: काही हैदराबादेत राहिले, काही जिल्हा कचेऱ्यांच्या अभिलेखकक्षांत बस्त्यांत बांधून पडले. खासरा पाहणी पत्रके, जन्म-मृत्यूची कोतवाल बुके, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे, कुळांच्या नोंदवह्या. साठ-सत्तर वर्षे या बस्त्यांना वाळवीशिवाय कोणी नियमितपणे भेट देत नव्हते.

या मुलखाला न्यायासाठी दूर जाण्याची सवय जुनी आहे, याचाही इथे उल्लेख करावासा वाटतो. औरंगाबादेत उच्च न्यायालयाचे कामकाज २७ ऑगस्ट १९८१ पासून सुरू करण्याचा मुख्य न्यायाधीशांचा आदेशसुद्धा मुंबईत रद्दबातल ठरला होता आणि १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. तेव्हा दिल्लीच्या निकालाचे मराठवाड्यात मनापासून स्वागत झाले होते. निकालावरील लोकभावना ही बहुधा निकालाच्या तर्कापेक्षा त्याच्या फलश्रुतीवर अवलंबून असते, आणि याला कोणताही जिल्हा अपवाद नाही.

जरांगे यांच्या उपोषणानंतर, त्या जुन्या दफ्तरात कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. मोडी वाचणारे आणि उर्दू जाणणारे लोक शोधून आणावे लागले. ज्या लिपीला शाळेतून हद्दपार करून आपण दोन पिढ्या समाधानाने जगलो, तिचे जाणकार एकाएकी तहसील कचेरीतले सर्वांत प्रतिष्ठित पाहुणे झाले. बीडच्या गावोगावी ‘नोंद सापडली का?’ हा कुशल विचारण्याचा नवा प्रकार रूढ झाला. ज्याच्या पणजोबांच्या नावापुढे ‘कु.’ लिहिलेले निघाले तो दाखल्याच्या रांगेत उभा राहिला. त्याच पणजोबांच्या सख्ख्या भावाच्या शाखेला वंशावळ जुळविण्यासाठी पुन्हा कागद धुंडाळावे लागले. आणि मग २६ जानेवारी २०२४ च्या मसुद्याने ‘सगेसोयरे’ हा लग्नपत्रिकेतला शब्द कायद्याच्या चर्चेत आणून बसविला.

परंतु त्याआधी एक सोमवार उजाडायचा होता. जरांगे यांच्या दुसऱ्या उपोषणाच्या दिवसांत गावागावांच्या वेशीवर पुढाऱ्यांना गावबंदीचे फलक लागलेले होते. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी सकाळी माजलगावात आमदार प्रकाश सोळंके यांचा बंगला जमावाने पेटविला; नगरपरिषदेच्या इमारतीला आग लागली; संध्याकाळी बीड शहरात आमदार संदीप क्षीरसागर यांचे घर, राष्ट्रवादी काँग्रेसचे कार्यालय आणि ओबीसी चळवळीतील एका कार्यकर्त्याचे हॉटेल ही जाळपोळीच्या तडाख्यात सापडली. संचारबंदी पुकारली गेली, इंटरनेट बंद झाले, आणि बिंदुसरेच्या काठचे हे शहर त्या रात्री अंधारात जळक्या टायरांचा वास घेत बसले. ही आग उत्स्फूर्त होती की योजिलेली, यावर विधिमंडळात पुष्कळ बोलणे झाले. आमच्या मते प्रश्न इतकाच आहे की, न्यायालयाच्या निकालाने मिळालेले दुःख ज्यांच्या दारात ओतले गेले त्यांनी तो निकाल दिलेला नव्हता. आणि मूक मोर्चाने सात वर्षांत मिळविलेली पुण्याई एका दिवसात राख झाली.

विशेष म्हणजे त्याच दिवशी, त्याच सोमवारी, शिंदे समितीने मराठवाड्यातील पावणेदोन कोटींच्या आसपास दस्तऐवज तपासल्याचे आणि त्यांत ११,५३० कुणबी नोंदी आढळल्याचे मुंबईत जाहीर झाले. एकीकडे कागद जळत होते, दुसरीकडे कागद सापडत होते.

पुढचा घटनाक्रम वाचकांना ताजा आहे. २० फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायमूर्ती सुनील शुक्रे आयोगाच्या अहवालावरून विधिमंडळाने पुन्हा १० टक्क्यांचा कायदा केला आणि तोही न्यायालयात गेला. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत बीडमध्ये बजरंग सोनवणे यांनी पंकजा मुंडे यांचा ६,५५३ मतांनी पराभव केला. मतमोजणीच्या त्या रात्रीनंतर कित्येक गावांत कोणाच्या दुकानातून किराणा घ्यायचा हे जातीवरून ठरू लागले, आणि एका फडात ऊस तोडलेली माणसे बाजाराच्या दिवशी एकमेकांना टाळू लागली. २०२५ च्या ऑगस्टअखेर मुंबईच्या आझाद मैदानावर जरांगे यांचे पुन्हा उपोषण झाले आणि २ सप्टेंबरला सरकारने हैदराबाद गॅझेटियर आधारभूत मानण्याचा शासननिर्णय काढला: ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांची गावसमिती चौकशी करील, आणि ज्याच्याकडे जमिनीचा कागद नाही त्याने १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी आपले पूर्वज त्या भागात राहत होते असे प्रतिज्ञापत्र द्यावे. त्यावर १७ ऑक्टोबरला बीडमध्येच छगन भुजबळ यांच्या उपस्थितीत ओबीसींचा महाएल्गार मेळावा भरला. शब्द मराठीच, मैदाने बीडचीच. एकाला दाखला हवा, दुसऱ्याला त्या दाखल्याचे भय.

त्या गॅझेटियरविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण सभांतून ती सांगितली जात नाही. गॅझेटियर जिल्ह्यात अमुक जातीचे किती लोक आहेत हे सांगते. त्यात कोणाच्या आजोबांचे नाव नसते. १८९१ आणि १९०१ च्या खानेसुमारींच्या दरम्यान दुष्काळाने या जिल्ह्याची लोकसंख्या घटली होती, हे त्या काळच्या आकड्यांवरून कळते; घटलेल्यांत कोण होते, हे कळत नाही. जातीचा दाखला मात्र व्यक्तीला मिळतो, व्यक्तीच्या वंशावळीवर मिळतो, आणि पडताळणी समितीसमोर टिकावा लागतो. तेव्हा अखेरीस सगळा भार पुन्हा त्या बस्त्यांवर, त्या कोतवाल बुकावर, त्या ठिसूळ पानावरच येऊन पडतो.

म्हणून ज्यांच्या घरी, मग ते कोणत्याही जातीचे असोत, निजामकाळातील मोडी वा उर्दू कागद माळ्यावर अथवा देव्हाऱ्यामागच्या डब्यात पडून असतील, त्यांना एक विनंती. ते एजंटाच्या हाती देऊ नका, त्यांवर शाईने खुणा करू नका, आणि टिकावेत म्हणून प्लास्टिकचे लॅमिनेशन तर मुळीच करू नका. त्याने कागद कायमचा खराब होतो. स्वच्छ छायाचित्र काढा, सुती कापडात बांधा, आणि मोडी वाचता येणाऱ्या माणसाकडून एकदा पूर्ण वाचून घ्या. त्यात जात निघेल किंवा न निघेल. कोणत्या साली कोणते पीक बुडाले आणि शेजारच्या कोणत्या घराने तुमच्या घराला जामीन दिला होता, हेही बहुधा त्याच पानावर लिहिलेले असेल.